पोलराइज्ड स्की गॉगल: कोणत्या उजेडात कामाचा, कोणत्या उजेडात अडचणीचा

डिसेंबर लागला की दादरच्या आमच्या चष्म्याच्या दुकानात बर्फाच्या गॉगलची विचारणा सुरू होते. कुणाचं गुलमर्गचं बुकिंग झालेलं असतं, कुणाचं सोलांगचं, कुणी औलीला स्की शिकायला निघालेलं असतं. जॅकेट, थर्मल, हातमोजे घेऊन झालेले असतात आणि गॉगल तेवढा राहिलेला असतो. काउंटरला टेकल्या टेकल्या पहिला प्रश्न येतो, "पोलराइज्ड आहे ना?" आहे म्हटलं की माणूस निश्चिंत होतो. मला मात्र तिथेच काळजी वाटायला लागते. पोलराइज्ड एवढंच बघून घेतलेला गॉगल लख्ख उन्हात छान चालतो, आणि दुपारी ढग उतरले की त्याच गॉगलमधून पायापुढचा उंचवटा दिसेनासा होतो. स्कीवर असताना तो न दिसणं म्हणजे पडणं, आणि वेगात असाल तर गुडघा किंवा मनगट मोडणं.

बर्फावर गॉगलच्या काचेकडून तीन कामं हवी असतात. अतिनील किरण अडवणं, एकूण उजेड कमी करणं आणि परावर्तनाची चकाकी कापणं. ही तिन्ही कामं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. पोलराइज्ड काच यातलं फक्त तिसरं काम करते. ती किती गडद आहे हे त्यावरून कळत नाही, आणि काच गडद आहे म्हणून ती अतिनील किरण अडवतेच असंही नाही.

अतिनील किरणांचं आधी सांगतो, कारण इथे प्रश्न सोयीचा नसून डोळ्याच्या आरोग्याचा आहे. समुद्रसपाटीपासून दर 1,000 मीटर चढलं की अतिनील किरणांचं प्रमाण साधारण 10 ते 12 टक्क्यांनी वाढतं. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर आहे, आणि तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या अंगावर जवळपास 4,000 मीटरपर्यंत नेऊन सोडतो. हिवाळ्यात काश्मीरमधला सूर्य मुंबईपेक्षा बराच खाली असतो, त्यामुळे वरून येणारे किरण काही फार भयंकर नसतात. पण जुहूची कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी साधारण 15 टक्के परत फेकते, तर ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत फेकतो. वरून येणाऱ्या उन्हापासून भुवई आणि पापणी डोळ्याला आडोसा देतात. खालून येणाऱ्या किरणांना अडवायला चेहऱ्यावर काहीच नाही.

याचा परिणाम लगेच कळत नाही. दिवसभर मजेत खेळून झाल्यावर, काही तासांनी, बहुतेकदा रात्री, डोळ्यांत रेती गेल्यासारखं टोचायला लागतं, पाणी थांबत नाही, दिव्याकडे बघवत नाही. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, ऊन लागलेलं असतं. हेच हिमांधत्व. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत डोळा बरा होतो, पण ते दिवस अंधाऱ्या खोलीत काढावे लागतात. आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांनी काच नसतानाच्या काळात यावर उपाय काढला होता. लाकडाच्या किंवा हाडाच्या पट्टीला बारीक आडवी चीर पाडून ती ते डोळ्यांवर बांधत.

चांगली बातमी अशी की स्की गॉगलच्या बहुतेक काचा पॉलिकार्बोनेटच्या असतात आणि हे प्लास्टिक मुळातच जवळजवळ सगळे अतिनील किरण शोषून घेतं. म्हणजे अगदी फिकट पिवळी, आरपार दिसणारी काचसुद्धा डोळ्याचं रक्षण करू शकते. गॉगलवर किंवा खोक्यावर यूव्ही 400 किंवा 100 टक्के अतिनील संरक्षण असं लिहिलेलं बघून घ्यायचं. रस्त्यावरच्या अगदी स्वस्त गडद गॉगलचं मला भय वाटतं ते यासाठीच. गडद काचेमागे बाहुली मोठी होते, आणि ती काच अतिनील किरण अडवत नसेल तर उघड्या डोळ्यापेक्षा जास्त किरण आत जाऊ शकतात.

आता दुसरं काम, उजेड कमी करणं. काचेतून किती टक्के उजेड आत येतो यावरून गॉगलचे पाच गट पाडलेले आहेत, एस-0 ते एस-4. हा आकडा फ्रेमवर, काचेच्या कडेला किंवा खोक्यावर छापलेला असतो, आणि खरेदी करताना सगळ्यात आधी तोच शोधावा असं माझं ठाम मत आहे. एस-0 मधून 80 टक्क्यांहून जास्त उजेड येतो, म्हणजे जवळजवळ साधी काच. एस-1 मधून 43 ते 80 टक्के, एस-2 मधून 18 ते 43, एस-3 मधून 8 ते 18 आणि एस-4 मधून फक्त 3 ते 8. मुंबईत उन्हात गाडी चालवताना आपण जो गॉगल लावतो तो बहुधा एस-3 असतो. एस-4 लावून गाडी चालवायचीच नसते, तो हिमनद्यांसाठी आणि फार उंचावरच्या उन्हासाठी आहे.

तिसरं काम पोलराइज्ड काचेचं. ते नीट समजलं की बाकीचे निर्णय आपोआप सुटतात, म्हणून इथे थोडा वेळ घेतो.

प्रकाश ही लाट आहे आणि ती पुढे जाताना आडवी-उभी-तिरपी अशी कंप पावत असते. सूर्याच्या थेट प्रकाशात या सगळ्या दिशा सारख्या मिसळलेल्या असतात. पण हाच प्रकाश पाणी, काच, ओला रस्ता अशा गुळगुळीत पृष्ठभागावरून तिरपा परावर्तित झाला की त्यात आडव्या कंपनांचा वाटा खूप वाढतो. 1808 मध्ये पॅरिसला एत्येन-लुई मालूस हा फ्रेंच संशोधक एका खास स्फटिकातून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरचं मावळतं ऊन बघत होता. स्फटिक फिरवला की खिडकीतली चमक कमी-जास्त होते हे त्याला दिसलं, आणि परावर्तनाने प्रकाशाच्या कंपनांना दिशा मिळते हे जगाला कळलं. पुढे 1815 मध्ये डेव्हिड ब्रूस्टरने हा परिणाम कोणत्या कोनात सर्वाधिक असतो त्याचा नियम दिला. पाणी आणि गोठलेला बर्फ या दोन्हींसाठी तो कोन सुमारे 53 अंश येतो. हा कोन पृष्ठभागावरच्या लंबरेषेपासून मोजायचा. सोप्या शब्दांत, सूर्य क्षितिजापासून साधारण 37 अंश वर असेल आणि तुम्ही त्याच्या दिशेने बघत असाल, तेव्हा सपाट पाण्यावरची चकाकी जवळजवळ पूर्ण आडवी असते.

पोलराइज्ड काचेत एक पातळ फिल्म असते. तिच्यातले लांबट रेणू एका दिशेने ओढून ओळीत बसवलेले असतात, आणि ती एका दिशेची कंपनं गिळते, काटकोनातली सोडते. खिडकीच्या उभ्या गजांमधून जेवणाचं ताट बाहेर काढायचं तर ते उभं धरावं लागतं, आडवं धरलं की गजांना अडतं, तसंच हे. गॉगलमध्ये ही फिल्म अशी बसवतात की आडवी कंपनं अडतील आणि उभी पार जातील. पाण्यावरची चकाकी आडवी, म्हणून तीच नेमकी कापली जाते आणि बाकीचं दृश्य राहतं.

मुंबईकराला हे बघायला काश्मीर गाठायची गरज नाही. जानेवारीत दुपारी तीन-सव्वातीनच्या सुमारास मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर पोलराइज्ड गॉगल लावून उभे राहा आणि सूर्याच्या दिशेने समुद्रावरच्या लखलखाटाकडे बघा. मग डोकं हळूहळू खांद्याकडे कलवा. सरळ डोक्याने पाणी गडद आणि शांत दिसतं, डोकं कललं की तीच चकाकी परत उसळून येते. त्या वेळी सूर्य जवळजवळ त्याच 37 अंशांवर असतो, म्हणून फरक ठसठशीत दिसतो. पावसाळ्यातला ओला रस्ताही हेच दाखवतो.

पण बर्फ म्हणजे समुद्र नव्हे, आणि जाहिराती जे सांगत नाहीत ते इथे आहे. ताजा, भुसभुशीत बर्फ हा गुळगुळीत पृष्ठभाग नसतोच. तो असंख्य बारीक कणांचा ढीग असतो. प्रकाश त्यात शिरतो, कणाकणांवर आपटत फिरतो आणि चारी दिशांनी बाहेर पडतो. या धडपडीत त्याची आडवी-उभी शिस्त पार पुसली जाते. म्हणून ताज्या बर्फाचा पांढरा झगझगाट बहुतांशी पोलराइज्ड नसतो, आणि पोलराइज्ड फिल्मला तिथे वेगळं कापण्यासारखं फारसं काही मिळत नाही. तिथे डोळ्याला आराम मिळतो तो काच गडद असल्यामुळे. तेवढीच गडद साधी काच जवळपास तेवढाच आराम देते.

फिल्म खरी कामाला येते ती बर्फ वितळून पुन्हा गोठला की. मार्चमध्ये दिवसा ऊन तापतं, वरचा थर ओला होतो, रात्री गोठतो आणि सकाळी त्यावर एक चमकदार पापुद्रा असतो. वाऱ्याने घासून कडक झालेला उतार, ओलसर बर्फ, गोठलेलं तळं, पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचा, हॉटेलबाहेरचा ओला रस्ता, इथे पोलराइज्ड काच लावल्यावर फरक डोळ्यांना लगेच जाणवतो. जानेवारीच्या मध्याला गुलमर्गमध्ये भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साधारण 35 अंशांवरच असतो. म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून अशा सपाट चकचकीत पृष्ठभागाकडे बघितलं तर कोन जवळपास आदर्श जुळतो. सूर्य पाठीमागे असेल तर मात्र हा फायदा फारसा उरत नाही.

उताराची आणखी एक भानगड आहे. काचेतली फिल्म धरून चालते की पृष्ठभाग आडवा आहे. स्की करताना तुम्ही उताराला आडवे जात असता तेव्हा जमीन तुमच्या एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला खोल असते, म्हणजे पृष्ठभाग तुमच्या नजरेला तिरका असतो. त्यावरून आलेल्या चकाकीची दिशाही तेवढीच तिरकी होते. कंपनं आणि फिल्म यांच्यातल्या कोनावरून किती उजेड पार जातो हे सांगणाऱ्या मालूसच्याच नियमाने हिशोब केला तर 30 अंशांचा फरक पडला की एक चतुर्थांश चकाकी फिल्ममधून निसटते, 45 अंशांना निम्मी. वळण घेताना डोकं कलतं तेव्हाही असंच होतं. त्यामुळे धावत्या स्कीवर पोलराइज्ड काचेचा परिणाम सतत थोडा कमी-जास्त होत राहतो. काहींना ते जाणवतही नाही. काहींना त्रास होतो.

आता सगळ्यात महत्त्वाची मर्यादा. नेहमीच्या प्रकाशात आडवी आणि उभी कंपनं निम्मी निम्मी असतात. त्यातली आडवी सगळी गिळायची म्हटली की अगदी आदर्श फिल्मसुद्धा निम्माच उजेड पुढे सोडणार. प्रत्यक्षातली फिल्म त्याहून थोडा कमी सोडते, वर काचेला रंग असतो, आरशासारखा थर असतो, त्यात आणखी उजेड जातो. म्हणून पूर्ण ताकदीची पोलराइज्ड काच फिकट करताच येत नाही. ती फार तर एस-2 मध्ये बसते, बहुधा एस-3 मध्ये. एस-0 किंवा वरच्या टोकाच्या एस-1 काचेवर कुणी जोरदार पोलराइज्ड असल्याचा दावा करत असेल, तर एक तर फिल्म कमजोर आहे किंवा लेबल खोटं आहे.

आणि नेमका फिकट काचेचाच दिवस डोंगरावर जास्त धोक्याचा असतो. काश्मीरच्या हिवाळ्यात पश्चिमेकडून एकामागून एक झंझावात येतात. दोन-तीन दिवस बर्फ पडतो, मग आकाश निळंभोर उघडतं, मग पुन्हा ढग. ढगाळ दिवशी उजेड कमी होतो हा निम्माच प्रश्न. खरी अडचण अशी की तो सगळीकडून सारखा येतो. वर पांढरे ढग, खाली पांढरा बर्फ, आणि कशाचीच सावली पडत नाही. उंचवटा, खळगा, आधीच्या माणसाच्या स्कीने पडलेली चर, हे सगळं आपण सावलीवरून ओळखतो. सावली गेली की उतार म्हणजे कोरा कागद. अशा वेळी चकाकी मुळात नसते, त्यामुळे पोलराइज्ड फिल्मला काही काम नसतं. ती फक्त उरलासुरला उजेड निम्मा करते. बाहुली मोठी होते, नजरेची धार कमी होते, आणि जो किंचितसा फरक दिसला असता तोही हातचा जातो.

अशा उजेडाला इंग्रजी बोलणारे स्कीवाले फ्लॅट लाइट म्हणतात आणि त्यासाठी पिवळी, गुलाबी किंवा फिकट केशरी काच लावतात, एस-1 गटातली, पोलराइज्ड नसलेली. रंगामागे कारण आहे. उघड्या दिवशी बर्फावरच्या सावलीत थेट ऊन पोचत नाही, तिथे फक्त निळ्या आकाशाचा उजेड असतो, म्हणून सावली निळसर असते. निळा रंग थोडा गाळणारी काच ती सावली आणखी गडद करते आणि जमिनीचा चढउतार उठून दिसतो. ऑकली कंपनीचं प्रिझम, स्मिथ कंपनीचं क्रोमापॉप ही तंत्रं याच वाटेने जातात. ती सगळा उजेड सारखा न गाळता ठरावीक रंगांचे पट्टे कापतात. पण ढग पूर्ण भरून आले की आकाशच पांढरं होतं आणि सावलीत निळेपणा उरत नाही. तेव्हा पिवळ्या-गुलाबी काचेचा फायदा मर्यादित असतो. आणि दाट धुक्यात, बर्फ पडत असताना, नसलेली सावली कोणतीही काच निर्माण करू शकत नाही. त्या दिवशी खालच्या टप्प्यात, झाडांच्या आसपास राहावं. अफरवटचा वरचा भाग उघडाबोडका आहे, तिथे नजरेला धरायला काहीच नसतं. खाली सूचिपर्णी झाडांची काळी खोडं उभं-आडवं कळायला मदत करतात.

लख्ख उघड्या दिवसासाठी करडी, तपकिरी किंवा गडद गुलाबी एस-3 काच उत्तम. करडीत रंग खरे दिसतात, तपकिरीत बर्फाचा पोत थोडा जास्त उठतो. मी स्वतः बर्फासाठी तपकिरीकडे झुकतो. पोलराइज्ड हवीच असेल तर ती इथे घ्या, याच काचेत. पातळ ढगांच्या, ऊनसावलीच्या दिवशी एस-2 बरी, आणि एकच काच घ्यायची झाली तर मी एस-2 गटातली साधी, गुलाबी किंवा तांबूस काच घ्यायला सांगतो. कडक उन्हात डोळे थोडे किलकिले होतील, पण ढगाळ दुपारी तुम्ही आंधळे होणार नाही.

कडक बर्फाबद्दल अनुभवी स्कीवाल्यांमध्ये दोन मतं आहेत. काहींचं म्हणणं, उतारावर कुठे गुळगुळीत गोठलेला पट्टा आहे हे त्याच्या चमकेवरूनच कळतं, आणि पोलराइज्ड काच ती चमकच पुसते. दुसरे म्हणतात, चमक गेली की खालचा पोत दिसतो, त्यावरून पट्टा ओळखता येतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सराव असलेला माणूस पोतावरून ओळखतो. नवशिक्याला चमक हा सोपा इशारा असतो. म्हणून पहिल्यांदाच स्की शिकायला निघालेल्याला मी पोलराइज्ड काचेचा आग्रह करत नाही. पर्यटक म्हणून जाणार, बर्फात फिरणार, फोटो काढणार, स्लेजवर बसणार असाल, तर उन्हाच्या दिवशी ती डोळ्यांना सुखाची आहे, जरूर घ्या. फक्त फोटो काढताना फोनचा स्क्रीन ठरावीक कोनात काळा किंवा रंगीबेरंगी दिसेल, तेव्हा फोन बिघडला असं समजू नका. फोन आडव्याचा उभा करा. गोंडोलाच्या प्लास्टिकच्या खिडक्यांवर इंद्रधनुष्यासारखे डाग दिसले तर तेही याच फिल्ममुळे.

काच खरोखर पोलराइज्ड आहे का हे दुकानातच तपासता येतं. मागच्या हिवाळ्यात कॉलेजातला एक मुलगा त्याच्या आत्याबरोबर आला होता. हातात फुटपाथवरून घेतलेला गॉगल.

"काका, हा दोनशे रुपयांत पोलराइज्ड मिळाला. मग तुमच्याकडचा एवढा महाग कसा?"

"थांब, आत्ता बघू," म्हणून मी हिशोबाचा मोठा कॅल्क्युलेटर त्याच्यापुढे सरकवला. "यात कोणताही आकडा टाक. आता तुझा गॉगल त्याच्यावर धर आणि हळूहळू गोल फिरव."

त्याने 8 चं बटण दाबत पडदा भरला, गॉगल फिरवला. आकडे होते तसेच दिसत राहिले, नुसते अंधुक. मग मी आमच्याकडची पोलराइज्ड काच त्याच्या हातात दिली. थोडी फिरवल्यावर पडदा काळवंडायला लागला, आणखी फिरवली तसा आकड्यांसकट पूर्ण काळा झाला. पुढे फिरवल्यावर आकडे परत आले.

"अगं आत्या, बघ ना!" तो म्हणाला. आत्यांनी काच हातात घेऊन स्वतः दोनदा फिरवली आणि विचारलं, "म्हणजे त्याचा तो गॉगल टाकून द्यायचा का?"

"अहो ताई, टाकायचा की नाही ते मशीन सांगेल," मी म्हटलं, आणि तो अतिनील तपासणीच्या छोट्या यंत्राखाली धरला. ती काच बरेच किरण आत सोडत होती. मग मात्र मी स्पष्ट सांगितलं की हा गुलमर्गला नेऊ नका.

कॅल्क्युलेटरचा पडदा एलसीडी असतो आणि त्यातून येणारा उजेड आधीच एका दिशेचा असतो, म्हणून ही परीक्षा चालते. लॅपटॉपच्या स्क्रीनवरही बहुतेकदा जमते. दोन पोलराइज्ड गॉगल एकावर एक ठेवून त्यातला एक काटकोनात फिरवला तरी तेच. पण लक्षात घ्या, ही परीक्षा फक्त फिल्मची आहे. अतिनील किरणांसाठी यंत्रच लागतं, आणि चष्म्याच्या बऱ्याच दुकानांत ते असतं. विचारायला संकोच करू नका.

उजेड बदलता राहणार म्हटल्यावर प्रश्न येतो, काचा बदलायच्या की आपोआप बदलणारी काच घ्यायची. फोटोक्रोमिक काच अतिनील किरण पडले की गडद होते, कमी झाले की फिकट. कल्पना छान आहे, पण थंडीत ही काच जास्त गडद होते आणि परत फिकट व्हायला जास्त वेळ घेते. शिवाय ढगांमधून अतिनील किरण बऱ्यापैकी झिरपतात, म्हणून ढगाळ दिवशी ती डोळ्याला हवी त्यापेक्षा गडद राहू शकते. उन्हातून एकदम झाडीत शिरलात तर काही क्षण अंधारल्यासारखं होतं. मला त्यापेक्षा काच काढून दुसरी लावता येणारा गॉगल जास्त पटतो. आता चुंबकाने बसणाऱ्या काचा मिळतात, हातमोजे न काढता बदलता येतात. एक एस-3, हवी तर पोलराइज्ड, आणि एक फिकट गुलाबी किंवा पिवळी एस-1 साधी, ही जोडी जवळजवळ प्रत्येक दिवसाला पुरते. पोलराइज्ड काचेसाठी जे जास्तीचे पैसे मोजणार असाल, त्यात दुसरी फिकट काच येत असेल, तर मी डोळे झाकून दुसरी काच घेईन.

आरशासारख्या चकचकीत काचेबद्दलही विचारणा होते. तो थर उजेडाचा थोडा भाग बाहेर परतवतो, म्हणजे काच आणखी गडद करतो, एवढंच. त्यावरून ती पोलराइज्ड आहे की नाही हे कळत नाही.

नंबरचा चष्मा असेल तर चष्म्यावरून बसणारा खोल फ्रेमचा गॉगल मिळतो. दुकानात येताना रोजचा चष्मा लावून या आणि जमलं तर हेल्मेटही आणा, कारण कपाळाशी फट राहिली की तिथून वारा थेट डोळ्यांत शिरतो. आत पोलराइज्ड चष्मा आणि वरून पोलराइज्ड गॉगल असं करू नका, फार अंधार होतो.

भाड्याचा गॉगल घेणार असाल तर काच उजेडासमोर धरून ओरखडे बघा. ढगाळ उजेडात प्रत्येक ओरखडा धुरकट रेघ होऊन नजरेत येतो. स्पंज नाकाशी आणि गालाशी पूर्ण टेकतो का तेही बघा. काच दुहेरी हवी, एकेरीवर वाफ लगेच धरते. आतल्या बाजूला वाफ धरू नये म्हणून पातळ लेप असतो आणि ओला असताना तो नाजूक असतो, म्हणून आत बर्फ गेला तर झटकून टाका, बोटाने किंवा मफलरने पुसू नका. विश्रांतीला बसताना गॉगल घामेजल्या टोपीवर चढवून ठेवला की खालून वाफ आत शिरते. त्यापेक्षा तो काढून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. रात्री खोलीवर आल्यावर तो हीटरसमोर मांडू नका. फार उष्णतेने काचेचे थर सुटू शकतात आणि पोलराइज्ड फिल्मला फुगवटे येऊ शकतात. खुंटीला टांगून ठेवला की सकाळपर्यंत आपोआप वाळतो.